टेस्ट सिरीज लावण्याआधी: नीटचा सराव आणि अभ्यासाचा क्रम

दिवाळीची सुट्टी संपली की नीटला, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला, बसणाऱ्या मुलांच्या पालकांचे फोन सुरू होतात. "मॅडम, कुठली टेस्ट सिरीज लावू?" मी उलट एकच विचारते, "मागच्या पेपरात जे चुकलं, त्याची वही आहे का?" बहुतेक घरांत अशी वही नसते. मार्क मात्र सगळ्यांना पाठ असतात. आधी ४१२, मग ४३०, मग ४०५. यातले कुठले मार्क कशाने आले आणि कुठले कशाने गेले, ते ना मुलाला सांगता येतं, ना आईवडिलांना.

मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. एका मुलीचे वडील शेतकरी होते, त्यांना हे समजावताना मी माती परीक्षणाचं उदाहरण दिलं. ते लगेच म्हणाले, "म्हणजे नत्र भरपूर आहे, पालाश कमी आहे, असा रिपोर्ट हातात असूनही आम्ही युरियाच टाकत बसलोय. पीक हिरवं दिसेल, पण दाणा भरणार नाही." मला सांगायचं होतं ते याहून नेमक्या शब्दांत सांगता आलं नसतं. सराव परीक्षा हे माती परीक्षण आहे. पुढच्या आठवड्यात काय वाचायचं, हे तिच्यातून ठरलं पाहिजे. ते ठरत नसेल तर पेपर कितीही चांगला असो, रविवारचे तीन तास वाया गेले असं समजा.

परीक्षा आता कशी आहे

टेस्ट सिरीज निवडण्याआधी खऱ्या परीक्षेचा साचा पक्का माहीत हवा, कारण बाजारात जुन्या साच्याचे पेपर अजून फिरतात. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत नीटला २०० प्रश्न असायचे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र या चार विभागांत प्रत्येकी 'अ' गटात ३५ प्रश्न सक्तीचे, आणि 'ब' गटात १५ पैकी कुठलेही १० सोडवायचे. २०२५ पासून हा पर्याय गेला. आता १८० प्रश्न, सगळे सक्तीचे, वेळ १८० मिनिटं. भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५, जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा, कोऱ्याला शून्य. एकूण ७२०.

सरासरी एका प्रश्नाला एक मिनिट. जीवशास्त्राचे ९० प्रश्न ४५ ते ५० मिनिटांत उरकले, तरच भौतिकशास्त्राच्या आकडेमोडीला तासभर उरतो. म्हणून एखाद्या मॉकमध्ये, म्हणजे सराव पेपरात, 'कोणतेही १०' असं दिसलं, किंवा वेळ २०० मिनिटं दिली असली, तर तो पेपर तुमच्या मुलाला चुकीची सवय लावेल.

दुसरी तपासणी अभ्यासक्रमाची. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने, म्हणजे एनएमसीने, २०२४ च्या नीटसाठी अभ्यासक्रम कमी केला. वनस्पतींतील वहन, खनिज पोषण, पचन आणि शोषण, पर्यावरणीय समस्या, तसंच रसायनशास्त्रातलं घन अवस्था, पृष्ठ रसायन, बहुवारिके हे सगळं गेलं. मॉकमध्ये पचनसंस्थेवर सविस्तर प्रश्न आले तर प्रश्नसंच जुना आहे. मुलं अशा प्रश्नांवर अडतात, घाबरतात आणि नको ते धडे वाचायला घेतात.

उलट बाजूची चूक याहून महाग पडते. एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या नव्या, कमी केलेल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांत पी-ब्लॉक (आवर्त सारणीतला मूलद्रव्यांचा एक मोठा गट) नाही. नीटच्या अभ्यासक्रमात तो आहे. नवं पुस्तक घेतलेल्या मुलाला वाटतं की पुस्तक संपलं म्हणजे अभ्यासक्रम संपला. तसंच भौतिकशास्त्रात प्रायोगिक कौशल्यांचं आणि रसायनशास्त्रात प्रात्यक्षिकांवर आधारित असं एकेक स्वतंत्र प्रकरण आहे. व्हर्नियर, स्क्रू गेज, मीटर ब्रिज, क्षारांचं पृथक्करण. ही मुलं प्रयोगशाळेत जर्नल पूर्ण करण्यापुरती जातात, आणि तिथलेच सोपे मार्क सोडून येतात. अभ्यासक्रमाची यादी एनएमसीच्या संकेतस्थळावर मोफत आहे. तिची प्रिंट काढून भिंतीवर लावा आणि टेस्ट सिरीजचं वेळापत्रक तिच्याशी ताडून बघा.

भाषेबद्दलही इथेच सांगते. नीट १३ भाषांत होते, त्यांत मराठी आहे. मराठी निवडली तर प्रश्नपत्रिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही मिळतं, आणि अर्थाबद्दल वाद झाला तर इंग्रजी मजकूर अंतिम मानतात. पण अकरावी-बारावी इंग्रजीतून शिकलेल्या मुलाने केवळ मराठी घरची भाषा म्हणून अर्जात मराठी निवडली, तर 'तंतुकणिका' आणि 'अर्धसूत्री विभाजन' वाचताना तो थबकतो. अर्जात जी भाषा भरणार, तीच सराव परीक्षेत हवी. हे फॉर्म भरण्याच्या दिवशी नाही, त्याआधी काही महिने ठरवा.

पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःला विचारणं

मुलं धडा तीनदा वाचतात, पिवळ्या पेनाने रंगवतात आणि म्हणतात, "झाला." तिसऱ्या वाचनाला सगळं ओळखीचं वाटतं, ते खरंच आहे. पण ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. एका आठवड्याने तीच परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटलं. वाचणारे ४२ टक्क्यांवर आले, आठवून लिहिणारे ५६ वर.

मुलं फसतात ती नेमकी या पाच मिनिटांच्या अनुभवामुळे. रात्री वाचलं, लगेच आठवलं, म्हणून पक्कं झालं असं वाटतं. परीक्षा मात्र मे महिन्यात असते.

दुसरा प्रयोग मला वर्गात रोज दिसतो. रोहरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ साली विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींना एका आकृतीची सगळी उदाहरणं झाल्यावर दुसरीची दिली, काहींना सगळी मिसळून दिली. सराव करताना पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर येत होती, मिसळलेल्या गटाची फक्त ६०. एका आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिला गट २० टक्क्यांवर घसरला आणि मिसळलेला ६३ वर राहिला.

"धड्याच्या टेस्टला नव्वद टक्के पडतात, मग पूर्ण पेपरात काय होतं?" हा प्रश्न पालक मला दरवर्षी विचारतात. त्याचं उत्तर या प्रयोगात आहे. 'विद्युतधारा' असं वर लिहिलेल्या टेस्टमध्ये कुठलं सूत्र लावायचं हे धड्याच्या नावानेच सांगून टाकलेलं असतं. नीटमध्ये धड्याचं नाव कोणी सांगत नाही. प्रश्न वाचून तो ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटेल की न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने, हे ओळखणं हाच अर्धा प्रश्न असतो, आणि त्याचा सराव धडावार टेस्टमध्ये होतच नाही. धडा शिकल्यावर पहिल्या आठवड्यात धडावार टेस्ट ठीक आहे. त्यानंतर तो धडा जुन्या चार-पाच धड्यांत मिसळूनच विचारला पाहिजे. मार्क खाली येतील. येऊ द्या.

पेपर कसा पारखायचा

सगळ्यांत चांगले सराव पेपर मोफत आहेत: मागच्या वर्षांचे खरे पेपर आणि परीक्षा घेणाऱ्या एनटीए या संस्थेची अंतिम उत्तरतालिका. त्यांच्या तोडीचे प्रश्न कुठलाही क्लास वर्षभर काढू शकत नाही. पण ते मोजकेच आहेत आणि मुलं ते चुकीच्या वेळी संपवतात. धडावार प्रश्नसंचात २०२४ आणि २०२५ चे प्रश्न नोव्हेंबरमध्येच सोडवून टाकले, की एप्रिलमध्ये तोच पेपर लावून ६२० पडतात आणि घरात पेढे वाटायचं तेवढं बाकी राहतं. ते गुण आठवणीचे असतात.

म्हणून शेवटची तीन वर्षं हात न लावता बाजूला ठेवा. धडावार सरावाला त्याआधीचे पेपर पुरेसे आहेत. २०१६ चे तर दोन आहेत, १ मे आणि २४ जुलै, कारण त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर परीक्षा दोन टप्प्यांत झाली. २०२४ च्या नेहमीच्या पेपराशिवाय २३ जूनला १५६३ विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या फेरपरीक्षेचाही एक पेपर आहे. तो फार कमी मुलांनी पाहिलेला असतो, एप्रिलसाठी जपून ठेवण्यासारखा. २०२१ ते २०२४ चे पेपर आजच्या साच्यात बसवायचे असतील तर 'ब' गटातले पहिले दहा प्रश्न घ्या, बाकीचे पाच खोडा, आणि १८० मिनिटं लावा.

याशिवाय शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांनी २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'साथी' या संकेतस्थळावर मोफत सराव आहे. पैसे देण्याआधी ते बघावं.

विकतची सिरीज घ्यायचीच असेल तर आधी तिचा एक नमुना पेपर मागून घ्या. त्यातले जीवशास्त्राचे कुठलेही दहा प्रश्न निवडून एनसीईआरटीचं पुस्तक उघडा आणि प्रत्येकाचं उत्तर कुठल्या पानावर आहे ते शोधा. आठ-नऊ सापडले तर ठीक. चार-पाचच सापडत असतील तर तो पेपर काढणाऱ्याने स्वतःचं ज्ञान दाखवलं आहे, नीटचा अंदाज घेतलेला नाही. मग भौतिकशास्त्राचे दहा प्रश्न घ्या. आकडे कॅल्क्युलेटरशिवाय सुटतील असे आहेत का? नीटमध्ये आकडेमोड असते, पण ती कागदाच्या कोपऱ्यात मावेल इतकीच. शेवटी उत्तरांचं स्पष्टीकरण वाचा. नुसतं 'उत्तर: ३' असेल तर ती सिरीज घेऊ नका. बरोबर पर्याय का बरोबर, हे मुलाला बहुतेकदा पुस्तकातून कळतं. आपण निवडलेला पर्याय का चुकला, हे मात्र कोणीतरी सांगावं लागतं.

आणखी एक पारख फार उपयोगी पडते. एकाच आठवड्यात, आधी न पाहिलेला एक जुना खरा पेपर आणि सिरीजमधला एक पेपर सोडवायचा. दोन्हींत शंभर-सव्वाशे गुणांचा फरक पडला तर त्या सिरीजचे आकडे नीटच्या भाषेत बोलत नाहीत.

"आमचे पेपर इतके अवघड असतात की नीट सोपी वाटेल," असं काही ठिकाणी सांगतात. मला ते पटत नाही. सतत अवघड पेपर सोडवणारं मूल प्रश्न सोडून द्यायला शिकतं, आणि सोप्या प्रश्नावरही 'यात काहीतरी फसवणूक असणार' म्हणून अडतं. पाचातला एक पेपर अवघड असावा, एवढं मात्र खरं. २०२५ चं भौतिकशास्त्र इतकं कठीण आलं की हुशार मुलंसुद्धा परीक्षेच्या खोलीत गांगरली. अशा दिवशी काय करायचं (अडलेला प्रश्न दोन मिनिटांत सोडायचा, रसायनशास्त्राकडे वळायचं, नंतर परत यायचं) हे एकदा तरी घरी अनुभवलेलं हवं.

शंकेच्या प्रश्नांचा हिशेब

"माहीत नसेल तर हातच लावू नको" हा सल्ला घराघरांत दिला जातो. गणित काय सांगतं ते बघू. चार पर्याय आहेत, डोळे मिटून एक निवडला. चारात एकदा ४ गुण मिळणार, तीनदा १-१ जाणार. चार प्रश्नांत ४ वजा ३, म्हणजे १ गुण नफा. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर तीन प्रश्नांत ४ वजा २, म्हणजे २ गुण. दोन पर्याय बाद झाले तर दोन प्रश्नांत ४ वजा १, म्हणजे ३ गुण. तोटा सुरू होतो तो पाचात एकाहूनही कमी उत्तरं बरोबर येऊ लागली तर.

मग वजा गुणांनी मुलं बुडतात कशी? चुकीचे पर्याय डोळे मिटून लिहिलेले नसतात म्हणून. दोरीतला ताण काढताना 'जी' (गुरुत्व त्वरण) विसरला तर जे उत्तर येतं, तेच पर्याय दोनमध्ये ठेवलेलं असतं. अर्धवट शिकलेलं मूल त्या पर्यायाकडे आत्मविश्वासाने जातं, आणि त्याचं प्रमाण डोळे मिटून ठोकणाऱ्यापेक्षाही खाली घसरतं.

हे प्रमाण प्रत्येक मुलाचं, प्रत्येक विषयात वेगळं असतं, आणि ते सराव परीक्षेतूनच मोजता येतं. पेपर सोडवताना प्रश्नाच्या नंबराशेजारी खूण करायची. खात्री असेल तर काही नाही. दोन पर्यायांत अडलं तर एक टिंब. नुसता अंदाज असेल तर फुली. पाच-सहा पेपर झाले की टिंबांची आणि फुल्यांची वेगवेगळी बेरीज करा. माझ्याकडच्या एका मुलाची जीवशास्त्रातली टिंबं निम्म्याहून जास्त बरोबर यायची, तो ती भीतीने कोरी सोडत होता. त्याचीच भौतिकशास्त्रातली टिंबं सहात एक बरोबर यायची. एका विषयात त्याला धीर द्यायचा होता, दुसऱ्यात हात आवरायला सांगायचं होतं. सगळ्यांना एकच नियम लावला असता तर दोन्हीकडे नुकसान झालं असतं.

एका पेपरचे मार्क किती खरे?

समजा पेपरातल्या ४० प्रश्नांत तुमचं मूल निम्मं-निम्मं आहे, बरोबर येईल किंवा येणार नाही. सरासरीने २० बरोबर, २० चूक, म्हणजे या प्रश्नांतून ६० गुण. पण नाणं ४० वेळा उडवलं तर दरवेळी बरोबर २० छाप पडत नाहीत. तीनातल्या साधारण दोन वेळा हे गुण ४५ ते ७५ च्या मध्ये कुठेतरी पडतील, कधी त्याच्याही बाहेर. अभ्यास तोच, मूल तेच, आणि गुणांत तीसचा फरक.

म्हणून ४३० वरून ४०५ झाले की घरात सन्नाटा, आणि ४०५ वरून ४४० झाले की आइस्क्रीम, असं करू नका. तीन-चार पेपरांची सरासरी बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चुकांचा प्रकार बदलतोय का ते बघा.

'टार्गेट ६५०' असे भिंतीवरचे कागदही मी काढायला लावते. २०२४ मध्ये पूर्ण ७२० गुण मिळवणारी मुलं होती. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते, आणि खुल्या गटाची पात्रतेची रेषा १६२ वरून १४४ वर आली. पेपर किती अवघड निघेल हे मुलाच्या हातात नसतं. पात्रतेची रेषा ओलांडणं म्हणजे प्रवेश नव्हे, हेही लक्षात असू द्या. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात आणि ८५ टक्के राज्याच्या कोट्यात भरतात, आणि दोन्हीकडे क्रमांक चालतो, गुणांचा नुसता आकडा नाही.

चुकांच्या वहीतून अभ्यासाचा क्रम

आता त्या शेतकऱ्याच्या मुलीकडे येते. तिला एका पूर्ण पेपरात ४३० पडले होते. जीवशास्त्र: ७४ बरोबर, १२ चूक, ४ कोरे, म्हणजे २८४. रसायनशास्त्र: २५ बरोबर, १३ चूक, ७ कोरे, म्हणजे ८७. भौतिकशास्त्र: १७ बरोबर, ९ चूक, १९ कोरे, म्हणजे ५९.

आकडे बघून वडिलांनी ठरवलं होतं की भौतिकशास्त्राचा क्लास लावायचा आणि परिवलनगतीपासून सुरुवात करायची. आम्ही आधी चुका उलगडल्या. त्याला साडेचार तास लागले. पेपरला तीन तास लागतात आणि तो समजून घ्यायला त्याहून जास्त, हे वेळापत्रकात धरलेलंच नसतं.

जीवशास्त्रातल्या १२ पैकी ५ चुका प्रश्न नीट न वाचल्याच्या होत्या. 'खालीलपैकी अयोग्य विधान कोणते', आणि तिने योग्य विधान निवडलेलं. मुलं याला 'सिली मिस्टेक' म्हणून सोडून देतात. पण चुकीचं उत्तर बरोबर झालं की ५ गुणांचा फरक पडतो, ४ मिळतात आणि वजा झालेला १ वाचतो. पाच प्रश्नांचे २५ गुण, एकही नवीन ओळ न वाचता. उपाय साधा होता: 'अयोग्य', 'नाही', 'वगळता' हे शब्द दिसले की पेनाने गोल करायचा, मगच पर्याय वाचायचे.

रसायनशास्त्रातल्या १३ चुका चार वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेल्या दिसत होत्या. द्रावणे, विद्युतरसायन, समतोल, रासायनिक गतिकी. नीट पाहिल्यावर त्यांतल्या ८ चुकांचं मूळ एकच निघालं. मोल (पदार्थ किती आहे ते मोजायचं एकक) आणि संहती (द्रावणात तो किती आहे) यांचा हिशेब तिला अकरावीपासूनच कच्चा होता. चार धडे पुन्हा करायची गरज नव्हती, एक धडा आठ दिवस नेटाने करायचा होता. त्यात ४० गुण अडकले होते.

धडावार 'वेटेज'चे, म्हणजे कुठल्या धड्यावर किती प्रश्न येतात याचे, तक्ते हे दाखवू शकत नाहीत. मुळात एनटीए असा कुठलाही तक्ता काढत नाही. बाजारातले तक्ते जुन्या पेपरांवरून मोजलेले असतात आणि दरवर्षी थोडे हलतात. शिवाय ते प्रत्येक धडा सुटा मानतात. मोल कच्चा असेल तर निम्मं भौतिक रसायन डळमळतं. सेंद्रिय रसायनात इलेक्ट्रॉनांचे परिणाम कळले नसतील तर पुढच्या अभिक्रिया नुसत्या पाठ कराव्या लागतात. पेशी विभाजन समजलं नसेल तर आनुवंशिकी अधांतरी राहते. आणि भौतिकशास्त्रात आलेख आणि सदिश यांची भीती असेल तर ती प्रत्येक धड्यात भेटते. अशा पायाच्या धड्यांवर तक्त्यात दोन-तीनच प्रश्न दिसतात, म्हणून मुलं त्यांना मागे टाकतात.

भौतिकशास्त्राचे १९ कोरे प्रश्न मी तीन ढिगांत वाटले. येत होते पण वेळ संपला असे ७, धडा अर्धवट आलेला असे ८, धडा पूर्ण कोरा असे ४. क्रम आपोआप ठरला. पहिल्या ढिगासाठी जीवशास्त्राचा वेग वाढवायचा. मग अर्धवट धडे: विद्युतधारा, किरण प्रकाशिकी, अर्धवाहक, द्रव्याचं द्वैत स्वरूप. यांत एकेका सूत्रावर थेट प्रश्न येतात आणि चार-पाच दिवसांच्या मेहनतीचं फळ लगेच दिसतं. परिवलनगती सगळ्यांत शेवटी. धडा सुंदर आहे, मला शिकवायला फार आवडतो, पण फेब्रुवारीत शून्यातून सुरू करायला तो योग्य नाही. अर्ध्या आलेल्या धड्यावरचा एक तास कोऱ्या धड्यावरच्या एका तासापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त गुण देतो.

मुलं बरोबर याच्या उलट वागतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जे चांगलं येतं ते पुन्हा वाचताना बरं वाटतं. तिच्या टेबलावर मानवी शरीरशास्त्राच्या नोट्स पाचव्यांदा रंगवलेल्या होत्या. तो तिचा युरिया होता.

पाच आठवड्यांनी मोल-संहतीच्या चुका आठवरून तीनवर आल्या. प्रश्न चुकीचा वाचणं मात्र पाचवरून चारच झालं. सवय धड्यापेक्षा उशिरा सुटते.

बोर्ड आणि एप्रिल

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के गुण लागतात. नीटला चांगला क्रमांक असला तरी या अटीतून सुटका नाही. म्हणून बोर्डाच्या महिन्यात मॉकचा हट्ट धरू नये. पंधरा दिवसांत एक पेपर, सवय मोडू नये एवढ्यापुरता.

बोर्ड संपल्यापासून मे महिन्यातल्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ खरा. आठवड्याला दोन पूर्ण पेपर, फार तर तीन. रोज एक पेपर देणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना चुका उलगडायला वेळच उरत नाही, त्याच चुका ती रोज पक्क्या करतात. पेपर दुपारी २ ते ५ याच वेळेत द्यावा, कारण खरी परीक्षा तेव्हाच असते. एप्रिलमधल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या दुपारी जेवणानंतर डोळे मिटतात, पंख्याची हवाही गरम लागते, कधी वीजही जाते. त्या अवस्थेत प्रश्न वाचायची सवय सकाळी सातला कूलरसमोर बसून होत नाही. ओएमआरच्या, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेच्या, झेरॉक्स काढून काळ्या बॉलपेनने गोल भरायचे. शेवटी एकदम १८० गोल भरायचे ठरवणाऱ्याचा एक प्रश्न सरकला की पुढची रांग चुकते, म्हणून प्रश्नपत्रिकेचं एक पान झालं की त्या पानाचे गोल लगेच भरायचे.

शेवटचे चार-पाच दिवस पूर्ण पेपर बंद. नवीन पेपरातून आता शिकायला वेळ नसतो, आणि कमी मार्क पडले तर झोप जाते. त्या दिवसांत चुकांची वही, पी-ब्लॉकचे अपवाद, एनसीईआरटीतल्या आकृत्या आणि त्यांखालच्या ओळी. त्या मुलीची वही शेवटी साठेक पानांची झाली होती. प्रत्येक पानावर वर तारीख, खाली चुकलेला प्रश्न, आणि लाल पेनाने एकच ओळ: काय वाटलं होतं, आणि खरं काय आहे. शनिवारी संध्याकाळी तिने ती पुन्हा एकदा पहिल्या पानापासून वाचली, आणि बॅगेत प्रवेशपत्र, ओळखपत्र आणि फोटो ठेवून नऊ वाजता दिवा मालवला.